कावळा विसरत नाही

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला कावळ्यांवरचा लेख वाचला. लेखकाची भाषा चांगली आहे, हे आधी सांगतो. पण कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो हे पटवायला थेट सिएटल गाठायची काय गरज होती? तिथल्या विद्यापीठातल्यांनी 2006 साली गुहामानवाचा मुखवटा घालून कावळे पकडले, आणि पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करीत, हे खरेच. मला मुखवटासुद्धा लागला नाही.

गेल्या मे महिन्यात कौले परतण्याआधी छपरावर आलेली आंब्याची फांदी तोडून घेतली. तिच्यावर घरटे होते, हे पडल्यावर दिसले. कोयता पाडेल्याच्या, म्हणजे नारळ पाडणाऱ्या गड्याच्या हातात. मी खालून नुसता हात दाखवत होतो. पाडेली पैसे घेऊन फटफटीवरून गेला, चोची माझ्या टाळक्यावर! 15 दिवस पाव आणायला छत्री घेऊन जात होतो. शेजारी त्याच वाटेने उघड्या डोक्याने जात, त्यांना काही नाही.

पुढे पितृपक्षात बाबांचा म्हाळ. पान गडग्यावर ठेवले, हात जोडले. कावळे माडावर बसून ओरडताहेत, खाली एकही येईना. पाऊण तास गेला. भटजींना पुढचे घर गाठायचे होते. चुलतभाऊ हळूच म्हणाला, "भाटाची वाटणी राहिलीय ना, म्हणून काका रागावलेत." मी बागायतीची ती वाटणीही कबूल केली असती. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जरा आत जा बघू." मी आत गेलो आणि पान साफ!

तुमचे लेखक याला अंधश्रद्धा म्हणोत. चुलतभाऊ अजून वाटणीवरच अडून आहे. आणि शहाणपण सांगायचेच तर हेही छापा की 1972 च्या वन्यजीव कायद्याने याच कावळ्याला उंदीर-वटवाघळांच्या पंगतीला बसवून उपद्रवी ठरवले होते. वर्षभर उपद्रवी, पंधरवडाभर पितर.

जाता जाता, त्याच पानावर 'गाणारी कोकिळा' म्हणून छापलेली ठिपकेदार पक्षीण गात नाही. 'कुहू' करतो तो काळाभोर नर. गेल्या चैत्रातही तुम्ही हाच फोटो छापला होता आणि तेव्हाही मी पत्र लिहिले होते.

— एक जुना वाचक, फोंडा