आईच्या स्वयंपाकात काही कमी नव्हतं

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आला. बी-१२ फक्त १२८ आहे. आमच्या लॅबमध्ये २०० च्या खाली गेलं की कमी धरतात. फोनवर हे सांगितलं तेव्हा आईचा आवाज एकदम पडला. "म्हणजे माझ्याच हातचं काहीतरी कमी पडलं," एवढंच ती म्हणाली आणि फोन तुमच्याकडे दिला. ते वाक्य माझ्या मनातून जाईना. फोनवर अर्धं ऐकू येतं, अर्धं राहून जातं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. दोघांनी बसून वाचा.

आई, आधी तुझ्यासाठी. तुझ्या स्वयंपाकात काही कमी नव्हतं. बी-१२ हे जीवनसत्त्व कुठलीच वनस्पती तयार करत नाही. भाजी, डाळ, नाचणी, तीळ, शेंगदाणे, कशातच ते नाही. ते तयार करतात फक्त जिवाणू. गाई-म्हशींच्या पोटात हे जिवाणू असतात, चाऱ्यातून आलेला कोबाल्ट वापरून ते बी-१२ बनवतात, आणि मग ते दुधात उतरतं. म्हणून आपल्यासारख्या पूर्ण शाकाहारी घरात त्याची वाट एकच: दूध, दही, ताक, पनीर. इडली-ढोकळ्याच्या आंबवलेल्या पिठातून ते मिळतं असं पुष्कळ जण सांगतात, स्पिरुलिनाच्या गोळ्यांबद्दलही सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नकोस. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला न चालणारं असतं.

आणि हे एकट्या आपल्या घरातलं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ धडधाकट, मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी निघालं. खेड्यातल्यांपेक्षा शहरातल्या मध्यमवर्गीयांमध्ये जास्त, म्हणजे ८१ टक्के.  त्या सगळ्यांच्या घरातल्या बायका स्वयंपाकात चुकल्या असं कोण म्हणेल?

आता बाबा, तुमच्याबद्दल. ताटात पडलेलं बी-१२ रक्तात पोचायला बरंच अंतर कापतं. दुधातल्या प्रथिनाला ते घट्ट चिकटलेलं असतं. पोटातलं आम्ल ते सोडवतं. मग जठरातूनच पाझरणारं एक प्रथिन त्याला धरतं आणि थेट लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत घेऊन जातं. तिथेच ते शोषलं जातं, अलीकडे कुठेही नाही. वय वाढलं की पोटातलं आम्ल अनेकांचं कमी होतं. त्यात तुम्ही रोज सकाळी अनशापोटी गॅसची गोळी घेता. ती गोळी आम्लच कमी करते, तिचं कामच ते आहे. आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन, तेही इतकी वर्षं, दिवसातून दोनदा. मेटफॉर्मिन त्या शेवटच्या टोकाला होणाऱ्या शोषणात अडथळा आणतं. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितका परिणाम जास्त. वर तुम्ही शुगरच्या धास्तीने दुधाचा चहा सोडून कोरा चहा धरलात आणि कफ होतो म्हणून रात्रीचं ताक बंद केलंत. एकेक गोष्ट सुटी बघितली तर किरकोळ वाटते. चारही एकत्र आल्या.

हे लक्षात यायला इतकी वर्षं का लागली, याचंही उत्तर आहे. रोजची गरज अगदी थोडी असते. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच भाग, म्हणजे दोन-अडीच मायक्रोग्रॅम. आणि यकृतात कित्येक वर्षं पुरेल एवढा साठा असतो. तो संपेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही.

दिवाळीत मी घरी होते तेव्हा दोन गोष्टी पाहिल्या. तोंड धुताना तुम्ही डोळे मिटलेत आणि क्षणभर पुढे झुकलात, मग डाव्या हाताने बेसिनची कड पकडलीत. आणि अंगणातून आत येताना उजव्या पायातली चप्पल पायरीवरच निसटली होती, तुम्ही तशीच दोन पावलं टाकलीत. चप्पल पायात नाही हे तळव्याला कळलंच नव्हतं. म्हणून मी परत निघायच्या आत तुमचं रक्त काढून घेतलं.

पाय कुठे आहे, जमीन कशी आहे, ही खबर पायाकडून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. त्या मज्जातंतूंवर चरबीचं आवरण असतं. बी-१२ कमी पडलं की ते आवरण झिजायला लागतं. उघड्या डोळ्यांनी माणूस सांभाळून घेतो, नजर मदत करते. डोळे मिटले किंवा रात्री लाइट गेली की तोल जातो. मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटतं. पुढे विसरभोळेपणा वाढतो, चिडचिड होते. बाबा, तुमच्या मुंग्यांना गावातल्या डॉक्टरांनी "शुगरच्या नसा, वयाचं आहे" म्हणून सोडून दिलं. शुगरनेही मुंग्या येतातच, ते खोटं नाही. पण दोन्ही कारणं एकाच पायात असू शकतात, आणि त्यातलं एक औषधाने भरून निघतं. लवकर भरलं तर पुष्कळसं परत येतं. फार उशीर केला तर काही नुकसान कायमचं राहतं. म्हणून मी इतकी मागे लागलेय.

तुमचं हिमोग्लोबिन १२.४, म्हणजे थोडंसंच कमी. ते बघून आई म्हणाली, रक्त तर बरं आहे की. यातली खोच मला नीट सांगायची आहे, कारण आई तुम्हाला ते फोलिक अ‍ॅसिडचं टॉनिक देतेय.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक भयंकर पांडुरोग व्हायचा. रक्तपेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या, आणि पुष्कळ बायका त्यात दगावायच्या. त्यांच्या खाण्यात काय आहे, काय नाही, हे विल्स बाईंनी शोधलं आणि यीस्टचा अर्क, तो स्वस्तातला मार्माइट, देऊन बघितला. बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात जे होतं ते पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. तेच फोलिक अ‍ॅसिड. जेवणात ते असतं तेव्हा त्याला फोलेट म्हणतात. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या त्या बायकांमुळे आज जगभरच्या गरोदर बाईला ही गोळी मिळते. मला हे वाचलं की दर वेळी भरून येतं.

पण बी-१२ आणि फोलेट या दोघांचं रक्तातलं काम एकमेकांत गुंतलेलं आहे. फोलेट भरपूर असेल तर बी-१२ कमी असूनही रक्तपेशी बऱ्यापैकी तयार होत राहतात. मज्जातंतूंचं काम मात्र फोलेट करू शकत नाही. म्हणजे हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि आत नसा झिजत राहतात. आई, तुझी रोजची पालेभाजी, उसळी, डाळी, सगळ्यात फोलेट आहे. तुझ्या जेवणाने बाबांचं रक्त इतकी वर्षं सावरून धरलं. त्यामुळेच आजार लपूनही राहिला, पण तो दोष जेवणाचा नाही. फक्त ते टॉनिक आता थांबव. डॉक्टर बी-१२ सुरू करतील, त्यानंतर ते सांगतील तर दे.

शहरातल्या फिजिशियनची वेळ घेतली आहे, दादा गाडी काढणार आहे. ते तुमच्या अंगठ्याच्या हाडावर कंप पावणारा स्टीलचा काटा ठेवून विचारतील, जाणवतंय का. खरं ते सांगा बाबा, बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका. नसांवर परिणाम झालेला असला की सहसा आधी इंजेक्शनं देतात, नंतर गोळ्या. इंजेक्शन गडद लाल रंगाचं असतं, बघून दचकू नका. ते रक्त नव्हे. बी-१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा अणू बसलेला असतो आणि हा रेणू मुळातच लाल दिसतो. डोरोथी हॉजकिन या बाईंनी १९५६ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची सगळी रचना उलगडून दाखवली. १९६४ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात हे कामही धरलं होतं.

गोळीचा आकडा बघून घाबरू नका. हजार किंवा पंधराशे मायक्रोग्रॅम लिहिलेलं असेल आणि गरज तर दोन-अडीचची. मोठ्या डोसमधला जेमतेम एक टक्का भाग त्या प्रथिनाच्या मदतीशिवाय आतड्यातून आत झिरपतो. हजाराचा एक टक्का दहा झाला, म्हणजे पुरून उरलं. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.

मेटफॉर्मिन मनाने बंद करायचं नाही. हे मी दोनदा लिहिलं असं समजा. शुगर वाढली तर नसांचं आणखी नुकसान होईल. गॅसची गोळी रोज लागतेच का, हे मात्र डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

खाण्यात एवढंच करा: सकाळी कपभर दूध, दुपारी दह्याची वाटी, संध्याकाळी ताक. सगळं एकाच वेळी नको. एका वेळच्या खाण्यातून शरीर साधारण दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषू शकतं, त्यामुळे थोडं थोडं तीनदा घेतलेलं जास्त लागू पडतं. साखर न घातलेल्या दुधाने शुगर आभाळाला भिडत नाही. अंड्याचा विषय मी काढणार नाही. आपल्या घरात ते नको आहे आणि गोळीने काम भागतंय.

एक राहिलं. दादाने बीपीसाठी म्हणून ते कमी सोडियमचं मीठ आणून ठेवलंय, ते वापरू नका. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. बाबांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन आहे, ती शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. शुगरवाल्याच्या मूत्रपिंडाला जास्तीचं पोटॅशियम झेपलं नाही तर ते हृदयाच्या ठोक्यांवर जातं. नेहमीचंच मीठ वापरा, फक्त कमी. लोणचं आणि पापड एकाच जेवणात दोन्ही नकोत.

आणि आई, तू. तिखट हल्ली जिभेला झोंबतं, जीभ सोलवटल्यासारखी वाटते, असं तू मला ओट्याशी उभी असताना म्हणाली होतीस आणि लगेच पोळी उलटायला वळलीस. बी-१२ कमी झालं की जीभ लाल, गुळगुळीत होते, झोंबते. तुझ्या वाट्याला दूध येतं ते चहातलं दोन चमचे. साय बाबांना, दही नातवंडांना, तळाचं ताक तुला. तुझं रक्त कधी तपासलंय, आठवतं का? मला आठवत नाही. बाबांच्या वेळीच तुझंही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करायचं आहे. फेरिटिन यासाठी, की तू जेवण झालं की लगेच चहा घेतेस आणि चहा जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही. चहा तासाभराने घे, आणि वरणभातावर लिंबू पिळायचं सोडू नकोस. "मला काय धाड भरलीय" हे ऐकून घेणार नाही. दादाला सांगून ठेवलंय, दोघांना गाडीत बसवल्याशिवाय निघायचं नाही.

जाताना जुने रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ती टॉनिकची बाटली पिशवीत घ्या. रात्री संडासच्या वाटेवरचा दिवा चालू ठेवा, बिलाचा विचार करू नका. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू, तेव्हा सॅम्पल मीच घेईन. डॉक्टर काय म्हणाले ते त्याच संध्याकाळी फोन करून कळवा, आई, तू सांग.

तुमची,
मनू