टॅपेटचा आवाज

पुणे

प्रिय बाळू,

तुझं पत्र मिळालं. टॅपेटचा आवाज जात नाही म्हणून तू व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट गेजपेक्षा कमी ठेवलीस, हे वाचून काळजीच वाटली. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही आणि जळतो. उस्तादांचं आठव, फट मोजायच्या फिलर गेजची पत्ती आत-बाहेर करताना बोटांना किंचित ओढ जाणवली पाहिजे. तेवढी टिकटिक राहू दे.

याच आवाजानं शिकागोचा चार्ल्स येल नाइट हैराण झाला होता. तो दूधदुभत्याच्या धंद्याचं नियतकालिक चालवायचा. १९०१-०२ च्या सुमारास मोटार घेतली आणि व्हॉल्व्हचा खडखडाट त्याला सहन होईना. तू-मी फट कमी-जास्त करत बसलो असतो. त्यानं आदळणारा व्हॉल्व्हच काढून टाकला! पिस्टन आणि सिलेंडरच्या मध्ये लायनरसारख्या दोन स्लीव्ह, म्हणजे नळ्या, एकात एक. इंजिनच्या अर्ध्या गतीनं फिरणारा शाफ्ट त्यांना वर-खाली सरकवतो. स्लीव्हच्या खिडक्या समोरासमोर आल्या की वाट उघडते, पुढे सरकल्या की बंद. आपटायला काही उरलंच नाही. मला हे फार आवडतं रे.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीनं १९०८ मध्ये ते इंजिन उचललं. लोक म्हणायचे, एवढं घर्षण, स्लीव्ह टिकणार कशा? मग १९०९ मध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली दोन इंजिनं तपासली. आधी चाचणीच्या बेंचवर १३२ तास, म्हणजे साडेपाच दिवस. मग तीच इंजिनं गाड्यांत चढवून ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर सुमारे १,९०० मैल पळवली, आणि परत बेंचवर. ताकद कमी व्हायची सोडून थोडी वाढलेलीच निघाली. खोलून पाहिलं तर झीज दिसेना. क्लबची त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी डेमलरला मिळाली ती यावरच. नुसतं शांत इंजिन दाखवून भागलं नसतं, ते घासूनही शांत राहतं हे दाखवावं लागलं.

तेल मात्र भरपूर प्यायचं, मागे निळा धूर सोडायचं. पुढे साधे व्हॉल्व्हच सुधारत गेले आणि १९३० च्या दशकात डेमलरनंही स्लीव्ह सोडली.

मी येईपर्यंत तुझं इंजिन चालू करू नकोस. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. माझी गेज घेऊन येतो, तुझ्या पत्त्या झिजल्या असतील. रॉकरचं टोकही बघू, तिथं खड्डा पडला असेल तर गेज कितीही बरोबर दाखवो, आवाज राहणारच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुन्या