ले-आऊटमधील मोकळ्या जागांच्या मोजणीसाठी व रोपांच्या पाण्यासाठी लातूरकरांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूर स्थानकात आली आणि त्याच उन्हाळ्यात, गल्लोगल्लीचे बोअर आटलेले असताना, आपली पर्यावरण समिती वाचनालयाच्या ओट्यावर उभी राहिली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. मंडईत भाजी विकणाऱ्या मावशींनी पदराची गाठ सोडून दिलेल्या पन्नास रुपयांची पावती आजही आपल्या पावतीपुस्तकात पहिल्या क्रमांकावर आहे. निवृत्त भूकरमापक काकांनी भर उन्हात स्वतःचा टेप घेऊन मोकळी जागा मोजून दिली, म्हणूनच नकाशावर बाग असलेल्या ठिकाणचे पत्र्याचे शेड हटले आणि आज तेथे संध्याकाळी मुले खेळतात. रोपवाटिकावाल्या भावांनी कडुनिंब, करंज व बहाव्याची रोपे वर्षानुवर्षे विनामूल्य दिली, तर शाळेच्या मुलींनी डब्याच्या सुट्टीत आपल्या बाटलीतले उरलेले पाणी आळ्यांत ओतून ती जगवली. या सर्वांचे ऋण समिती विसरलेली नाही.

आता कामाविषयी. ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या रेखांकनात (ले-आऊटमध्ये) १० टक्के जागा मोकळी ठेवावी आणि ५०० चौरस मीटर व त्यापुढील भूखंडावर नवे बांधकाम करताना पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण करावे, असे राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे. २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवालही द्यावा लागतो; मात्र आपल्या भागातील प्लॉटिंग बहुधा त्या मर्यादेच्या आत राहते आणि मग शेजाऱ्यांखेरीज लक्ष ठेवणारे कोणी उरत नाही. सध्या नाल्याकाठच्या एका ले-आऊटमध्ये मोकळ्या जागेवर मुरूम पसरला गेला आहे आणि नकाशात दाखवलेल्या पुनर्भरण खड्ड्याच्या ठिकाणी सिमेंटचे झाकण आहे, पण ते उचलून पाहिले तर खाली खड्डाच नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवस उलटूनही उत्तर आलेले नाही. प्रथम अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच असल्याने थांबून चालणार नाही.

एक गोष्ट मनाला लागली, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. गेल्या ५ जूनच्या वृक्षारोपणास सुमारे दीडशे जण आले, रोपांसोबत छायाचित्रे निघाली, आणि मार्चमध्ये पाण्याच्या पाळ्यांसाठी हाक दिली तेव्हा चौघे आले. त्यांपैकी दोघांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली आहे. नाल्याकडची बहाव्याची संपूर्ण रांग त्या महिन्यात वाळली. यंदा तसे होऊ नये, अशी हात जोडून विनंती आहे.

नाल्याकाठच्या त्या ले-आऊटमधील भूखंडधारकांच्या नावे भरावयाची मोजणी फी, नकाशांच्या प्रती व अपिलाचा खर्च, रोपांच्या ६० जाळ्या आणि पावसाळा लागेपर्यंतचे टँकर मिळून ४८,००० रुपये लागतील. रक्कम कितीही लहान असली तरी स्वीकारली जाईल, रोख वा धनादेश वाचनालयात रोज सायंकाळी ६ ते ८ व रविवारी सकाळी द्यावा आणि पावती आवर्जून घ्यावी (समितीस दिलेल्या देणगीवर ८० जी कलमाखालील आयकर सवलत नाही), जुने ड्रम, ठिबकच्या नळ्या, टिकाव व फावडीही चालतील, खड्डे मृगापूर्वी पूर्ण करावयाचे असल्याने श्रमदानासाठी व पाणीपाळीसाठी आपले नाव आणि सोयीचा वार तेथील वहीत नोंदवावा, तसेच येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मोजणीच्या वेळी टेप धरण्यासाठी दोन तरुण हवे आहेत, कारण काकांना आता वाकवत नाही.

आपला नम्र,
सचिव