मंडपाच्या कामाआधी ड्रिल मशीन तपासा

मा. संपादक,

गणेशोत्सव जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीत भर पावसात मंडप उभे राहतात. लोखंडी सांगाड्यावर, ओल्या फरशीवर उभे राहून ड्रिल मशीन चालवली जाते. ती मशीन कुणी उघडून पाहिलेली नसते, हे फार धोक्याचे आहे.

प्लग काढून आधी वायर मुठीत शिरते तिथला रबरी बूट वाकवून पाहावा. वायरला धरून मशीन उचलल्याने आतल्या तारा तिथेच तुटतात. मशीन मध्येच बंद पडते, वायर हलवली की पुन्हा सुरू होते. त्यावर टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. टेपखाली पाणी मुरते आणि उरलेल्या चार तारांवर सगळा भार येऊन ती जागा तापते. खराब तुकडा कापून वायर आत नव्याने जोडावी, क्लॅम्प घट्ट आवळावा. धातूच्या बॉडीच्या जुन्या मशीनला अर्थिंगची तिसरी तार हवीच. दुहेरी इन्सुलेशनची चौकोनात चौकोन ही खूण असलेल्या मशीनलाच दोन तारा चालतात.

मोटारच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे दोन कार्बन (ब्रश) झिजून ५-६ मिलिमीटर उरले की दोन्ही एकदम बदलावेत. नवा कार्बन होल्डरमध्ये सहज सरकला पाहिजे. अडकला तर ठिणग्या उडून कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता भाग, खराब होतो. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणगी चालते, पण कम्युटेटरभोवती आगीचे कडे दिसले तर बहुधा आर्मेचर (मोटारचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) शॉर्ट आहे. मशीन लगेच थांबवावी.

झिजलेल्या कार्बनची काळी पूड आत साचते. या पुडीतून वीज वाहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तिला पावसाळी दमट हवा मिळाली की करंट बॉडीपर्यंत किंवा चकपर्यंत (बिट पकडणारा पुढचा भाग) पोहोचू शकतो. म्हणून झरोक्यांतून हवा मारून आतली धूळ काढावी, भिजलेली मशीन पूर्ण वाळल्याशिवाय लावू नये. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपवाल्यांकडे ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे मीटर, असतो. स्विच दाबून ठेवून प्लगच्या दोन्ही पिना आणि चक यांमध्ये तपासावे. स्विच दाबलेला नसेल तर मोटारची पूर्ण तपासणी होतेच असे नाही. २ मेगओहमपेक्षा कमी आले तर मशीन कामावर नेऊ नये.

मंडळांनी तात्पुरत्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवावा आणि काम सुरू करण्यापूर्वी रोज त्याचे टेस्ट बटण दाबून पाहावे.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव