अठ्ठावन्न टक्के

प्रिय मित्रा,

परवा फोनवर 'रिपोर्ट बरा आहे' म्हणून विषय बदलला. खरं सांगू? तेव्हा मला तो कळलाच नव्हता.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला गार जेली लावतात आणि बरगड्यांच्या फटीतून प्रोब दाबून बघतात. पडद्यावर लाल-निळे झोत उसळत होते. मला वाटलं, लाल शुद्ध रक्त, निळं अशुद्ध. तसं नसतं. प्रोबकडे येणारं लाल दिसतं, लांब जाणारं निळं, एवढंच. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदय असं पाहिलं, ते धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्राने! आपणही तसलेच जुने पत्रे.

रिपोर्टात लिहिलेलं, 'ईएफ ५८ टक्के'. झोप उडाली रे. जन्मभर मार्कांची सवय, ५८ म्हणजे सेकंड क्लास! डॉक्टर हसले. डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा आकडा. १२० मिली भरलं, ७० बाहेर गेलं, की झाले ५८. शंभर कुणालाच पडत नाहीत; साधारण ५५ ते ७० चांगले. शिवाय मोजणारा बदलला की त्याच हृदयाचा आकडा चार-पाचने हलतो. मागच्या वेळचे ६२ काढून मी उगाच घसरण मोजत बसलो होतो.

'ट्रिव्हियल एमआर' म्हणजे झडपेतून किंचित मागे येणारं रक्त. धडधाकट माणसांतही दिसतं, सोडून दे.

'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन'पाशी मात्र डॉक्टर थांबले. हृदय आवळतं नीट, पण सैल पडायला वेळ लावतं. वयाने होतं, बीपीनेही होतं. गोळी रोज घेता ना, असं विचारलं आणि मला खरं बोलावं लागलं. घरी अजून सांगितलेलं नाही.

'नो आरडब्ल्यूएमए' वाचून सगळ्यात जास्त घाबरलो होतो. नेमकी तीच ओळ चांगली निघाली. हृदयाची भिंत सगळीकडे सारखी हलतेय. पण रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज इकोत दिसत नाही, म्हणून जिना चढताना छाती भरून येते हेही सांगून टाकलं. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती, लिहून दिलीय, येत्या गुरुवारी सकाळी. घरच्यांना नेलं तर गोळ्यांचं बिंग फुटेल. तू येशील का बरोबर?

तुझाच,
जुना बाकसोबती