शेवटचं वाक्य नेमकं कुठलं?

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझी यादी आणि पटकथेचा तिसरा खर्डा, दोन्ही मिळालं. यादीला तू 'अभिजात चित्रपटांची अजरामर शेवटची वाक्यं' असं नाव दिलं आहेस. त्यातली चार वाक्यं शेवटची नाहीतच. चिडू नकोस, ही चूक जवळपास सगळेच करतात. पण ती का होते हे बघितलं की तुझ्या पटकथेचा शेवट कुठं अडलाय तेही हाती लागतं. म्हणून आधी यादी, मग पटकथा.

'गॉन विथ द विंड' (१९३९) घे. तू ऱ्हेट बटलरचं 'फ्रँकली, माय डिअर, आय डोंट गिव्ह अ डॅम' लिहिलंस. ते त्याचं शेवटचं वाक्य, सिनेमाचं नव्हे. तो निघून जातो, स्कार्लेट जिन्यावर कोसळून रडते, तिला आपलं घर, टारा, आठवतं आणि मग ती म्हणते, 'आफ्टर ऑल, टुमॉरो इज अनदर डे.' मार्गारेट मिचेलची १९३६ची कादंबरीही याच वाक्यावर संपते. 'चायनाटाउन'मध्ये (१९७४) नायिका गोळी लागून मरते, आणि 'फर्गेट इट, जेक, इट्स चायनाटाउन' यानंतर एका पोलिसाचा आवाज येत राहतो: चला, रस्ता मोकळा करा, फुटपाथवर व्हा. 'सिटिझन केन'मधलं (१९४१) 'रोझबड' तर सिनेमातला पहिला उच्चार. शेवटी बोलतो तो बटलर, आणि बोलतो काय, तर 'थ्रो दॅट जंक', टाका ते भंगार. केनची लहानपणची घसरगाडी भट्टीत जाते, आणि तिच्यावरचं 'रोझबड' हे नाव फक्त आपल्याला दिसतं, पडद्यावरच्या एकालाही नाही. चौथं 'द माल्टीज फाल्कन'चं (१९४१). पोलिसवाला तो पुतळा उचलून म्हणतो, जड आहे, काय आहे हे? नायक बोगार्ट म्हणतो, 'द स्टफ दॅट ड्रीम्स आर मेड ऑफ.' त्यावर पोलिसवाला: 'हं?' शेवटचा शब्द तो 'हं?'. वाक्य मुळात शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'वरून घेतलेलं, थोडं बदलून. इतकं काव्य झाल्यावर कुणीतरी 'हं?' म्हणायलाच हवं होतं.

चारही ठिकाणी एकच प्रकार झालाय बघ. स्मरणात राहतं ते सगळ्यात जड वाक्य, आणि आपण त्यालाच शेवटचं ठरवून मोकळे होतो. त्यामागून येणारं हलकं, कामाचं, कधी अगदीच रुक्ष वाक्य विसरतो. पण जड वाक्याला टेकू देतं ते हेच. पोलिसाचा तो हुकूम काढून टाक, 'चायनाटाउन' लगेच सुभाषितावर संपेल. तो हुकूम ऐकू येतो म्हणूनच कळतं की या शहरात असल्या मरणाची हीच पद्धत, गर्दी हटवायची नि पुढं चालायचं.

आता जिथं शेवटचं वाक्यच खरोखर गाजलं, तिथं ते कसं बांधलंय ते बघू. 'सम लाइक इट हॉट' (१९५९). मोटारबोट चाललीय. पुढं बाईच्या वेषातला जॅक लेमन आणि त्याच्यावर लट्टू झालेला श्रीमंत ऑसगुड, म्हणजे जो ई. ब्राउन. लग्न का होऊ शकत नाही याची कारणं लेमन देत सुटतो. माझे केस मुळात सोनेरी नाहीत. काही हरकत नाही. मी सिगरेट ओढते. ओढ. माझा भूतकाळ वाईट आहे, तीन वर्षं एका सॅक्सोफोनवाल्याबरोबर राहिलेय. माफ केलं. मला मुलं होणार नाहीत. दत्तक घेऊ. शेवटी लेमन विग ओढून काढतो आणि पुरुषी आवाजात ओरडतो, मी पुरुष आहे! ऑसगुड समोर बघत, तसाच हसत म्हणतो, 'वेल, नोबडीज परफेक्ट.'

मोज: चार कारणं, चार माफ्या, पाचवा स्फोट, पाचवी माफी. दोनच कारणं असती तर लय बसली नसती. सात असती तर प्रेक्षकानं उत्तर आधीच ओळखलं असतं. प्रत्येक उत्तर छोटं आणि एकाच सुरातलं. त्यामुळं पाचव्यालाही तोच सूर लागला की हसू फुटतं. ऑसगुड तिथं दचकला असता, किंवा नुसता लेमनकडं वळून बघता, तरी विनोद मेला असता. आणि हे वाक्य बिली वाइल्डर व आय. ए. एल. डायमंड यांनी तात्पुरतं म्हणून घातलं होतं. आणखी चांगलं सुचलं की बदलू, असं ठरलं होतं. सुचलं नाही. वाइल्डरच्या थडग्यावरही पुढं त्याच वाक्याचा खेळ कोरला गेला: मी लेखक आहे, पण काय करणार, नोबडीज परफेक्ट.

तू याचं भाषांतर 'कोणीही परिपूर्ण नसतो' असं केलंस. शब्द बरोबर, सूर मेला. 'परिपूर्ण' हा भाषणातला शब्द. बोटीत बसलेला खुशालचेंडू म्हातारा तो उच्चारणार नाही. त्या 'वेल'साठी मराठीत तयार शब्द आहे: 'चालायचंच.' मी लिहीन, 'चालायचंच! उणं कुणात नसतं?' यात 'परफेक्ट'ची चमक थोडी जाते, पण ऑसगुडचा स्वभाव राहतो, आणि इथं स्वभावच विनोद करतो.

मराठीत दुसरी अडचण क्रियापदाची. इंग्रजीत वजनदार शब्द आपसूक टोकाला येतो. आपल्याकडं टोकाला 'आहे', 'होते', 'नाही' येऊन बसतात आणि हवा काढून घेतात. 'सनसेट बुलेव्हार्ड'चं (१९५०) 'ऑल राइट, मिस्टर डेमिल, आयम रेडी फॉर माय क्लोजअप' तू 'मी माझ्या क्लोजअपसाठी तयार आहे' असं लिहिलंस. टोकाला 'आहे'. त्याऐवजी 'ठीक, मिस्टर डेमिल. मी तयार आहे, क्लोजअपला.' बोलताना आपण अशी उलटापालट सर्रास करतो. लिहायला बसलो की का बिचकतो कोण जाणे. आणि हे वाक्य बरेच लोक 'मिस्टर डेमिल' शेवटी घालून सांगतात, तेही बिघडतं. नायिका आधी दिग्दर्शक डेमिलला हाक मारते, जो तिथं नाहीच. समोर आहेत ते बातमीपटांचे कॅमेरे. मग 'क्लोजअप' हा शब्द येतो, आणि त्याच क्षणी ग्लोरिया स्वान्सन कॅमेऱ्याच्या अंगावर चालत येते, चित्र धूसर होत जातं. शब्दानं जे मागितलं ते चित्रानं लगेच दिलं. नाव शेवटी टाकलंस की हा सांधा निखळतो.

'द अपार्टमेंट'चं (१९६०) भाषांतर मात्र तू अर्ध्यावर सोडलंस, आणि तिथंच मराठीची चांदी आहे. जॅक लेमन सिनेमाभर नायिकेला 'मिस क्यूबेलिक'च म्हणतो. शेवटी पत्ते हातात असताना प्रेमाची कबुली देतो, तीही 'मिस क्यूबेलिक' म्हणूनच. शर्ली मॅक्लेन त्याच्या हातात पत्ते देते: 'शट अप अँड डील.' इंग्रजीत 'यू' एकच. मराठीत तू त्या दोघांना शेवटपर्यंत 'तुम्ही'वर ठेव, आणि या एकाच वाक्यात तिला 'तू'वर आण: 'गप्प बस नि पत्ते वाट.' कबुलीचं उत्तर त्या 'बस'मध्ये येऊन जातं, आणखी काही लिहावं लागत नाही. मात्र आधीच्या एखाद्या प्रसंगात एकदा जरी 'तू' निसटलं, तर शेवटाला फुटकी कवडी उरणार नाही. सगळी पानं त्यासाठी तपास. पत्त्यांचा डावही तिथं आयत्या वेळी आलेला नाही. आधी ती त्याच्या घरी आजारी पडलेली असताना दोघं रमी खेळलेले असतात.

'सिटी लाइट्स' (१९३१) मूकपट, त्यामुळं शेवटचं वाक्य पाटीवर. आंधळी फुलवाली आता बघू शकते. हाताच्या स्पर्शानं चॅप्लिनला ओळखते. तो विचारतो, आता दिसतं तुला? 'हो, आता दिसतंय.' इथं 'मी पाहू शकते' लिहिलंस तर गेलं सगळं. 'दिसतंय'मध्ये डोळ्यांनी दिसणं आणि उमगणं, दोन्ही फुकटात मिळतं.

आता तुला चित्रीकरणात उपयोगी पडेल असं. 'कासाब्लांका'चं (१९४२) 'लुई, आय थिंक धिस इज द बिगिनिंग ऑफ अ ब्यूटिफुल फ्रेंडशिप' हे वाक्य चित्रीकरण झालं तेव्हा नव्हतंच. निर्माता हॅल वॉलिसनं ते नंतर लिहिलं आणि शूटिंग संपल्यावर काही आठवड्यांनी बोगार्टला बोलावून फक्त आवाज ध्वनिमुद्रित केला. जमलं कसं? बोगार्ट आणि लुई धुक्यात पाठमोरे चालत जातायत, ओठ दिसत नाहीत. दुसरा एक पर्यायही वॉलिसकडं होता: तू देशभक्तीत थोडी चोरी मिसळणार हे मला कळायला हवं होतं, अशा अर्थाचा. चुरचुरीत होता, पण तो मागं वळून शेरा मारतो. निवडलेलं वाक्य पुढच्या वाटेबद्दल बोलतं, आणि पडद्यावर दोघं चालतायतही पुढंच.

म्हणून शेवटचं वाक्य पक्कं नसेल तर त्या प्रसंगाचा एक पाठमोरा शॉट आणि एक लाँग शॉट घेऊन ठेवच. सेटवरच, त्याच माइकवर, दोन-तीन पर्यायी वाक्यं नुसत्या आवाजात घे. तिथली शांतता, म्हणजे रूम टोन, निदान तीस सेकंद रेकॉर्ड कर. ती नसेल तर नंतर डब केलेलं वाक्य पार्श्वभूमीवरून उचकटल्यासारखं ऐकू येतं. लोक मग अभिनेत्याला दोष देतात, खरी चूक त्या तीस सेकंदांची असते.

'आनंद' (१९७१) तू यादीत घेतलास हे उत्तम. आनंद गेलेला असतो, टेप फिरत असते, आणि कोऱ्या जागेनंतर त्याचाच आवाज येतो: 'बाबूमोशाय!' बऱ्याच आधी ते रेकॉर्डिंग त्यानं नि त्याच्या डॉक्टर मित्रानं, भास्करनं, थट्टामस्करीत केलेलं आपण पाहिलेलं असतं, म्हणून मेलेला माणूस बोलला तरी ते खोटं वाटत नाही. मग भास्करचं 'आनंद मरा नहीं, आनंद मरते नहीं' येतं. जड वाक्य आणि तेही शेवटी, म्हणजे माझ्या म्हणण्याला छेदच. पण इथं हलकी बाजू त्याच्या आधी येते, टेपवरच्या त्या हसण्यात. हसणं कापून नुसतं ते वाक्य ठेवून बघ, शोकसभा होईल.

यादी दुरुस्त करताना एवढं कर. प्रत्येक सिनेमाची शेवटची तीन मिनिटं दोनदा लाव: एकदा चित्रासह, एकदा पडदा झाकून. झाकल्यावर ते 'हं?' आणि ते पोलिसाचे हुकूम आपोआप ऐकू येतात. वाक्य कोण बोलतं, तोंड दिसतं की पाठ, संगीत वाक्याआधी सुरू होतं की नंतर, आणि वाक्यानंतर किती सेकंदांनी चित्र संपतं, हे लिहून काढ. सबटायटलवर विसंबू नकोस. दुरून येणारे आवाज त्यात बऱ्याचदा गाळलेले असतात.

आणि 'द थर्ड मॅन'ची (१९४९) जागा तू रिकामी ठेवलीस, ती तशीच ठेव. तिथं शेवटचं वाक्य नाहीच. झाडांमधल्या लांब रस्त्यानं नायिका चालत येते, नायकाकडं न बघता निघून जाते, मागं झिथर हे तंतुवाद्य वाजत असतं. लेखक ग्रॅहम ग्रीनला दोघं एकत्र यायला हवी होती. दिग्दर्शक कॅरल रीडनं ऐकलं नाही, आणि रीडचंच बरोबर होतं हे ग्रीननं पुढं स्वतः मान्य केलं.

आता तुझी पटकथा. चौदा पानं, दोन भाऊ, वडिलांचं घर विकून झालंय. शेवटी थोरला म्हणतो, 'घर भिंतींचं नसतं रे, माणसांचं असतं.' हे काढ. हे तुझ्या थोरल्याचं वाक्य नाही, कुणाच्याही थोरल्याचं आहे. शिवाय आधीच्या तेरा पानांनी जे दाखवलं तेच ते पुन्हा सांगतं, आणि ते संपायच्या आत तू बासरी सुरू केलीस. बासरीचा पहिला सूर 'असतं'वर पडला की शेवटचं अक्षर गिळलं जाणार.

पान तीन उघड. धाकटा विचारतो, 'किल्ली कुठंय?' थोरला मान वर न करता म्हणतो, 'जागेवर.' हे तू सहज लिहून गेलास, आणि सबंध खर्ड्यातलं सगळ्यात जिवंत तेच आहे. पान सातवर ते पुन्हा एकदा येऊ दे, या वेळी धाकट्याला किल्ली न विचारता सापडते. दोनदा पुरे, तिसऱ्यांदा मधेच आणलंस तर प्रेक्षक सावध होईल. शेवटी घराला कुलूप लागतं, दोघं पाठमोरे फाटकाकडं निघतात. धाकटा: 'किल्ली?' थोरला: 'जागेवर.' तीन सेकंद काही नाही, फक्त पावलं आणि रूम टोन. मग पाटी, आणि बासरी हवीच असेल तर पाटीवर.

पाठमोरा शॉट आहे, तेव्हा चित्रीकरणानंतर तुला आणखी बरं सुचलं तर खुशाल बदल. फक्त पान तीनवरचं 'जागेवर' थोरल्यानं मान वर करून म्हणता कामा नये. तिथं त्यानं भावाकडं बघितलं तर शेवटी न बघण्याला अर्थ उरत नाही. चौथा खर्डा पाठवशील तेव्हा ही तीन पानंच पाठव, बाकी ठीक आहे.

तुझा,
मधू