चार्जच्या यादीत नसलेली मुलं : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मुख्याध्यापक बदलून गेला किंवा निवृत्त झाला की चार्ज द्यावा लागतो. बाकं, कपाटं, किल्ल्या, डेडस्टॉकची (शाळेच्या टिकाऊ सामानाची) नोंदवही, सगळं मोजून सह्या होतात. अशा सह्या मीही केल्या. पण सातवीतल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, नववीतल्या डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्या मुलीला प्रश्न वाचून दाखवला की ती तोंडी अचूक उत्तर देते, याची नोंद कुठल्याच रकान्यात नसते. नवे साहेब येतात आणि त्या मुलांच्या आईवडिलांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

माझी बहुतेक नोकरी विशेष गरजा असलेल्या मुलांना सर्वसाधारण वर्गात टिकवण्यात गेली. त्या जोरावर एकच मागणं आहे : हे काम मुख्याध्यापकाच्या मर्जीवर सोडू नका.

कागदावर काही उणं नाही. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि सर्वांना सामावून घेणाऱ्या शाळांचा जाहीरनामा निघाला. सोबतच्या कृती-आराखड्यात शाळाप्रमुखांवर वेगळी जबाबदारीही टाकली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क कराराचं कलम २४ सांगतं की अपंगत्वामुळे कुणालाही सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेबाहेर ठेवता येणार नाही. पण शाळेच्या दारात आजही ऐकू येतं, "आमच्याकडे तशी सोय नाही हो, तुमच्याच मुलाचे हाल होतील." बोलणं गोड, पण प्रवेश नाकारलेला असतो.

असं बोलणारे मुख्याध्यापक दुष्ट नसतात. त्यांची पारख निकालाच्या टक्केवारीवर होते. असं मूल घेतलं की सरासरी घसरण्याची भीती. न घेतलं तर कुणी जाब विचारत नाही. मग शहाणा माणूस काय करील? बरं, घेतलं तरी विशेष शिक्षकाचे तास टिकत नाहीत. कुणी रजेवर गेलं की बदली तासाला पहिले त्यालाच पाठवतात, कारण त्याच्यापुढे दोन-तीनच मुलं असतात ना! शिपाईसुद्धा बिनदिक्कत बोलवायला येतो. त्या दोन-तीन मुलांचा वाचनाचा सराव तिथेच खुंटतो. परीक्षेतल्या लेखनिकाची (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणाऱ्याची) आणि जादा वेळेची आठवणही शाळेला ऐन परीक्षेच्या तोंडावर होते. वर्षभर सराव नसेल तर अनोळखी लेखनिकाला उत्तर सांगणं त्या मुलाला आणखी अवघड जातं.

म्हणून साहेब, चार्जच्या यादीत प्रत्येक अशा मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्याला काय जमतं, कोणती मदत लागते आणि पुढे काय गाठायचं याची नोंद, सक्तीचा करा आणि जुन्या-नव्या मुख्याध्यापकांनी पालकांसमोर त्यावर सह्या कराव्यात. विशेष शिक्षकाला बदली तास देऊ नयेत, असा स्पष्ट आदेश काढा. मुख्याध्यापकाच्या मूल्यमापनात ही मुलं आराखड्यानुसार कुठून कुठवर आली, हे पाहा. नुसती हजेरी मोजाल तर मागच्या बाकावर गप्प बसवलेलं मूलही 'समाविष्ट' ठरेल. मुख्याध्यापकपदाच्या प्रशिक्षणात हिशेब आणि सेवानियम शिकवतात, तिथे या विषयालाही जागा द्या.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना नवा निधी लागत नाही. आराखड्याचा दोन पानी नमुना मी करून ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने कळवल्यास लगेच पाठवते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका